एकेचाळीस नंबरचा रेणू

तो जिन्यात बसला होता, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध. माझ्या हातात गरम सालतेन्यांची, रसदार मांस भरलेल्या करंज्यांची, पिशवी होती, आणि लिफ्ट नेहमीसारखी बंद.

"जरा सरकता का? लोकांना वर जायचंय."

"लोक म्हणजे तुम्ही एकट्याच दिसताय." त्याने हसून वर पाहिलं. ओठ मात्र निळसर पडले होते. "सरकलो असतो हो... पण दम लागलाय. चौथ्या मजल्यावर माझं रक्त हवंय म्हणे. तिथे राक्षस राहतात का?"

"तिथे मी काम करते."

"मग चढायला हरकत नाही."

बाहेर जानेवारीचा पाऊस, आमच्याकडचा ऐन पावसाळा, पत्र्यावर ताशे वाजवत होता. मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले आणि एक सालतेन्या त्याला दिली. तिचा रस त्याच्या मनगटावर ओघळला आणि तो लाजला. का कोण जाणे, मीही लाजले.

त्याचं नाव फ्रोइलान. मिस्के गावाकडचा, धंद्याने गवंडी. लहानपणी मातीच्या घरात झोपायचा आणि भिंतीच्या भेगांतून रक्त पिणारे विंचुका किडे बाहेर यायचे. त्यांच्यामुळे रक्तात शिरलेला परजीवी वर्षानुवर्षं मुकाट राहतो आणि मग हृदय पोखरतो. जुन्या गोळ्यांनी त्याच्या अंगभर पुरळ उठलं, म्हणून त्या थांबवाव्या लागल्या होत्या. एका ठेकेदाराने रक्त तपासून त्याला दारातूनच परत पाठवलं होतं.

मी कोचाबांबात सहा वर्षं याच रोगावर काम करत होते, पण रोगी असा इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. माझं काम संगणकावरचं. कुठल्या रेणूने परजीवी मरतो आणि कुठल्याने नाही, याचे हजारो जुने निकाल आम्ही संगणकाला शिकवले होते. मग आठ लाख रेणू त्याच्यापुढे टाकले आणि म्हटलं, लाव क्रम. पहिले साठ आम्ही काचेच्या बशीत तपासणार होतो, आपल्याच खोऱ्यातल्या माणसांच्या रक्तातून वाढवलेल्या परजीवींवर.

"म्हणजे आठ लाख उमेदवार आणि खुर्ची एक," फ्रोइलान म्हणाला. "आमच्या निवडणुकीपेक्षा बरं. तुमच्याकडे निदान परीक्षा तरी घेतात!"

रक्त देण्यासाठी तो दोनदा आला. नंतर कारण नसतानाही यायला लागला. आम्ही प्रादोवर, झाडांच्या त्या हमरस्त्यावर, फिरायचो. दर तीस-चाळीस पावलांवर तो थांबायचा. "निना, हे झाड बघ ना." मी बघायचे. त्याचा श्वास परत येईपर्यंत पान न् पान बघायचे.

ऑगस्टमध्ये एकेचाळीस नंबरच्या रेणूने तिसऱ्या दिवशी सगळी बशी साफ केली. त्यातले परजीवी फ्रोइलानच्याच रक्तातले होते. मी थांबायला हवं होतं... पण मी धावत सुटले. तो चुलतभावाच्या घराला गिलावा करत होता.

"मेले! सगळे मेले, फ्रोइलान!"

त्याने चुन्याच्या हातांनीच माझा चेहरा धरला. तो आमचा पहिला मुका. दिवसभर माझ्या गालांवर पांढरे ठसे होते, आणि मी ते पुसले नाहीत.

तीन आठवड्यांनी तोच रेणू दुसऱ्या बशीत घातला. तिच्यात माणसाच्या हृदयाच्या पेशी होत्या, एका लयीत धडधडणाऱ्या. लय अडखळली. मग थांबली. आम्ही संगणकाला एवढंच विचारलं होतं, की परजीवी कशाने मरेल. माणूस जगेल का, हे विचारायचं राहून गेलं होतं.

"थोडंसं दे," फ्रोइलान म्हणाला. "अगदी थोडं."

"नाही."

"हृदय माझं आहे, निना."

"आणि देणारा हात माझा असेल."

"तुला काय जातंय गं? तू चार मजले पळत चढतेस!"

तो निघून गेला. एकोणीस दिवस त्याचा फोन नाही.

विसाव्या दिवशी तो प्रयोगशाळेच्या दारात उभा होता. चौकट धरून, घामाने डबडबलेला.

"एक विचारू? माझ्याबद्दल कधी विचारलंस संगणकाला?"

हृदयरोगाच्या डॉक्टरांचा संगणकावर एक प्रोग्राम असतो. हृदयाचे आलेख आणि तपासण्या घातल्या की तो धोक्याचा अंदाज सांगतो. फ्रोइलाननेच स्वतःची फाईल एकदा माझ्याकडे ठेवायला दिली होती.

"हो," मी म्हणाले. "तुला न विचारता. चुकलं माझं."

"कधी?"

"मे महिन्यात."

"म्हणजे त्या चुन्याच्या दिवसाआधी?"

"हो."

"आणि तरीही—?"

"तरीही."

त्याने बाहीने घाम पुसला. "काय म्हणाला तो?"

खोटं बोलता आलं असतं. "वर्षाच्या आत... तू नसण्याची शक्यता. दहात सहा."

"चार उरतात की." त्याचा आवाज फाटला, तरी तो हसला. "लग्न करतेस? पण लवकर कर हं, मला रांगेत उभं राहवत नाही."

ऑक्टोबरात नोंदणी कार्यालयात आमचं लग्न झालं. त्याची आई, एउलोखियाबाई, आणि बावीस वर्षांची बहीण रुफिना साक्षीला होत्या. रुफिनाने आमच्या डोक्यांवर मूठ-मूठ रंगीत कागदाचे कपटे उधळले. तिच्याही रक्तात तोच परजीवी होता, फक्त तिचं हृदय अजून शाबूत होतं.

आम्हाला पाच महिने मिळाले. मार्चमधल्या एका सकाळी तो खाटेवर बसून बुटाची नाडी बांधत होता. मध्येच थांबला. मला वाटलं, दम घेतोय. हातातला कप तसाच धरून मी वाट बघत उभी राहिले. बराच वेळ उभी राहिले.

त्याच्यासाठीची नऊ दिवसांची प्रार्थना संपली. मी फ्रोइलानच्या आईंच्या स्वयंपाकघरात मक्याचे दाणे सोलत बसले होते. काम सोडून आता मी इथेच राहीन, असं मी मनाशी ठरवलं होतं.

"तुझं ते यंत्र," आईंनी विचारलं, "आता काय करतंय?"

"नव्याने शिकवलंय त्याला, आई. आता हृदयाचंही विचारतो आम्ही. एकेचाळीस नंबर पार तळाला गेलाय."

"आणि वर कोण आलंय?"

"अजून कुणी तपासलेलं नाही. ते माझंच काम होतं."

अंगणात रुफिना कपडे वाळत घालत होती. ओली चादर तिने एका हिसक्यात दोरीवर टाकली. आई तिच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी माझ्या मांडीवरची मक्याची परडी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली.

"मग ऊठ," त्या म्हणाल्या. "हे मी सोलते."