कड्याखालची गाय

चार दिवसांच्या विश्रांतीसाठी खासगी गुप्तहेर गॉबनिट बेटावर आली, आणि दुसऱ्याच सकाळी घरमालकीण ब्रीजची गाय कड्याखाली मरून पडली.

"अख्ख्या बेटावर एवढी एकच गाय होती!" सत्तरीची विधवा ब्रीज संतापून म्हणाली. समोर बिनदुधाचा काळा चहा. "पहाटे पाचला हंबरत होती, दूध काढा म्हणून. कास तट्ट भरलेली, खिडकीतून पाहिली मी. माझं मनगट मोडलंय, म्हणून पुतण्या येतो धार काढायला. तो सहाला आला, तर कुरण रिकामं!"

आता बेटावर राहायचं कशाच्या जोरावर? दुपारच्या बोटीने ती पलीकडच्या वृद्धाश्रमात निघाली होती. पेटीसुद्धा भरून झाली होती.

गॉबनिटसोबत सुट्टीवर आलेला तिचा दीर फर्गल कड्यावरून खाली वाकला. "बिचारीची कास बघ, रिकाम्या पिशवीसारखी लोंबतेय."

गॉबनिटने कुरण आणि कड्यामधली दगडी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत निरखली.

ब्रीजचा पुतण्या मॅकडाराने दोघांना आपल्या घरात बसवलं आणि झाकल्या बादलीतलं दूध चहात ओतलं.

"ती डब्लिनची पाहुणी, इमेल्डा! पहाटे कुरणात भटकत होती. भिंतीतली वाट उघडी टाकली असणार."

"तुम्ही गाईजवळ गेला होता?" गॉबनिटने विचारलं.

"छे! गाय दिसलीच नाही. आज तिला हातसुद्धा लागला नाही माझा."

"दूधही कोमट," फर्गल खुशीत म्हणाला, "चहा गारच होत नाही!" त्याने दुसरा कप मागितला.

गॉबनिटने गाठलं तेव्हा इमेल्डा पायाला फडकं बांधत होती. "भिंतीवरून चढताना नडगी सोलून निघाली. आणि कसली वाट? फाटक कुठाय त्या भिंतीला?"

दुपारी धक्क्यावर गाव जमलं. इमेल्डाला शिव्या चालल्या होत्या.

"तोंडं बंद करा!" गॉबनिट कडाडली. "इथल्या भिंतीला फाटक नसतं. मोकळे दगड काढायचे, जनावर न्यायचं, दगड परत रचायचे. हे या बाईला ठाऊकच नाही, म्हणून ती भिंतीवर चढली. गाय काही भिंत चढत नाही. आणि दगड सकाळी जिथल्या तिथे होते. वाट उघडून पुन्हा बंद करणारा हात इथलाच."

"कोणाचा?" फर्गलने विचारलं.

"दोन कप चहा प्यायलास ना? पाचला कास भरलेली, कड्याखाली रिकामी. मधल्या वेळात धार कोणी काढली? बेटावर गाय एकच, आणि मॅकडाराच्या बादलीत दूध कोमट!"

मॅकडारा पांढराफटक पडला. "इथं किती दिवस कुढत राहणार होती म्हातारी? ती गेली असती, तर कुरणात पर्यटकांसाठी खोल्या झाल्या असत्या..."

"नालायका," गॉबनिट म्हणाली, "मुकं जनावर कड्यावरून लोटायला हात धजावला. दूध वाया घालवायला नाही धजावला!"

ब्रीज पुढे आली. तिने एकही शिवी दिली नाही. बोटीत चढवलेल्या पेटीकडे तिने बोट दाखवलं.

"माझी पेटी खाली उतरवा," ती म्हणाली. "आणि याची चढवा."