पाचची कळ

दिवा राहू दे, पोरांनो, मोबाइल तेवढे खाली ठेवा. आमच्या शेजारच्या गोदामवाल्याची गोष्ट आहे. भिंतीला भिंत लागून घरं आमची. त्याच्याकडे कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या तेही मला कळतं, तेव्हा पदरचं काही सांगत नाही.

गेल्या डिसेंबरची अकरा तारीख. रात्री नऊ वाजून दहा मिनिटं. फळांच्या शीतगृहात जाऊन तापमान बघायचं, एवढंच काम. बायकोला म्हणाला, "ताट वाढ, आलोच."

संगणक आतच, दाराजवळ. दार मोटारीचं. पडद्यावर 'उघडा' लिहिलेल्या चौकोनावर क्लिक केलं की सरकायचं. हातानं उघडायचा आतला दांडा मोडून पंधरा दिवस झालेले. उद्या बघू, उद्या बघू! आणि फोन बाहेर चार्जिंगला.

दार मागे लागलं. तापमान दोन अंश. यानं माऊस हलवला. बाण जागचा हलेना. बिनवायरचा माऊस, बॅटरी संपलेली.

रखवालदार येणार सकाळी सहाला. तोवर हा गारठून लाकूड झाला असता.

आता ऐका. याच्या आधीपासून तिथं एक काका कामाला होते. हात थरथरायचा, माऊस धरता यायचा नाही. ते कीबोर्डवरच्या आकड्यांनी बाण चालवायचे. डावा आल्ट, डावा शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबायचं. मग आठ म्हणजे वर, दोन खाली, चार डावीकडे, सहा उजवीकडे. पाच म्हणजे क्लिक. त्यांच्या कीबोर्डवरचा पाच दाबून दाबून पुसून गेलेला. याला म्हणायचे, "शिकून ठेव रे, कधीतरी अडशील."

"काका, तुमची पेटी तुम्हीच वाजवा!" हा हसायचा.

काका वारले. कीबोर्ड भंगारात गेला. नवा आला.

तर... हा आकडे बडवत होता. आधीच्या तीन कळा कुठल्या, आठवेना. बोटं बधिर. ओरडला. भिंती हातभर जाड...

टक्.

तीन कळा एकदम खाली गेल्या. आपोआप. बाण थरथरत निघाला. 'उघडा'वर जाऊन थांबला.

"काका... दाबा ना!"

बाण मागे फिरला. पार खालच्या डाव्या कोपऱ्यात.

पुन्हा निघाला. पोचला. पुन्हा मागे.

"काका, ती ताट वाढून बसलीय हो..."

...

बाण कोपऱ्यात. नुसता.

तेव्हा याच्या डोक्यात प्रकाश पडला. काका दाबून देणार नव्हते, शिकवत होते. यानं आठ दाबला. बाण वर सरकला. सहा. सहा. बोट चुकलं. बाण परत कोपऱ्यात. किती वेळा, कोण जाणे.

शेवटी पोचला. पाचवर बोट ठेवलं.

त्याच्या बोटावर... अजून एक बोट होतं.

थरथरणारं.

दार सरकलं.

पावणेबाराला त्याच्या घराची कडी वाजली. मी गेलोच, जाणार नाही होय! ओठ निळे पडलेले त्याचे.

दुसऱ्या दिवशी मला कुठलं चैन पडतंय? गोदामात जाऊन तो कीबोर्ड बघून आलो. महिन्याभरापूर्वी आणलेला, कोरा करकरीत. सगळे आकडे लख्ख.

पाच तेवढा पुसलेला. आणि मधोमध खोलगट... बोट बसेल इतका.