चिंधीचे सात टाके

मोठ्या डॉक्टरांना नेमका त्याच दिवशी ताप भरला नसता, तर आमची गाठच पडली नसती. मी चिंधीला कडेवर घेऊन जनावरांच्या दवाखान्यात पोचले, तर टेबलामागं एक लांबुळका, झोप न झालेला तरुण उभा. चष्म्याची एक काडी चिकटपट्टीनं जोडलेली.

"ऑपरेशन तुम्ही करणार?" मी विचारलं.

"इथं दुसरं कुणी दिसतंय का तुम्हाला?"

रागच आला मला. पण करते काय? चिंधी माजावर आली की गल्लीतले सगळे कुत्रे दाराशी गोळा व्हायचे, आणि नाना, माझे वडील, उठून खुशाल दार उघडायचे. नानांना दोन वर्षांपासून काही म्हणता काही आठवत नाही. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेला माणूस, आता मी समोर आले की म्हणतो, "बाई, तुमचे कपडे मंगळवारी मिळतील." पोटच्या पोरीला!

एकच नाव त्यांच्या तोंडात उरलं होतं, चिंधी. दुकानातल्या चिंध्यांच्या ढिगात सापडलेलं पिल्लू ते. सकाळी डोळे उघडले की पहिली हाक तिला. ती हाक ऐकू येतेय तोवर नाना आहेत, असं मी मनाशी घट्ट धरून बसले होते. म्हणून त्या टेबलावर नुसती कुत्री नव्हती. माझा बापच ठेवला होता मी तिथं.

दीड तासानं त्यानं तिला माझ्या मांडीवर आणून ठेवलं. जीभ बाहेर, डोळे अर्धवट उघडे, पोटावर सात टाके.

"दहा दिवस," तो म्हणाला. "उड्या नाहीत, पाणी लागू द्यायचं नाही, चाटू तर अजिबात द्यायचं नाही. गळ्यातला हा प्लॅस्टिकचा कोन काढू नका. टाके सुटले तर जिवावर बेतेल."

"आमच्या घरी हा कोन टिकायचा नाही."

"का बरं?"

"या एकदा. बघालच."

आणि हा बाबा दुसऱ्या दिवशी खरंच हजर! तेव्हा नाना चिंधीच्या गळ्यातला कोन ओढून काढत होते. सकाळपासूनची पाचवी वेळ.

"मुक्या जनावराच्या डोक्यात हे नरसाळं कुणी घातलं?"

"मी घातलं, नाना," तो म्हणाला.

"लाज वाटत नाही?"

"वाटते," तो म्हणाला, आणि माझ्याकडं बघून गालात हसला. मीही हसले. किती दिवसांनी, देव जाणे.

कोनाऐवजी पोट झाकणारा कापडी अंगरखा शिवायचा ठरला. शिलाई मशीन अजून मीच चालवते. तो चिंधीला धरून उभा राहिला, मी टेप घेतली.

"छाती एकवीस," मी म्हणाले. "पोटाशी जरा टेप धरा... धरली का?"

"धरली."

"ते माझं बोट आहे."

"माहीत आहे," तो म्हणाला... आणि कानापर्यंत लाल झाला.

आता मी काही सोळा वर्षांची नव्हे. पण त्या दिवशी अंगरख्याचे बंद मी दोनदा उलटे शिवले.

मग रोज यायला लागला. म्हणे, "तुमची गल्ली माझ्या वाटेवरच आहे." राहतो दवाखान्याच्या पलीकडं, पार दुसऱ्या टोकाला. मी म्हटलं, "वाट फार वाकडी दिसते तुमची." तर म्हणतो, "सरळ वाटेवर तुम्ही राहत नाही ना."

नाना रोज चिंधीच्या पोटावर वाकून बघायचे. "शिलाई कुणाची?"

"माझी."

"वाकडी आहे. शिकाऊ दिसतोस. उसवून पुन्हा घाल."

आम्ही दोघं खो खो हसायचो. हसण्यासारखं काही नव्हतं त्यात, हे कळायला मला सहावा दिवस उजाडावा लागला.

सहाव्या दिवशी दुपारी तो म्हणाला, "कोपऱ्यावर चहाला येता? अर्धा तास. दोघंही झोपलेत."

नाना खाटेवर घोरत होते, चिंधी पायथ्याशी. दोन वर्षांत मी स्वतःसाठी म्हणून कुठं गेले नव्हते. सगळ्या कात्र्या मी कपाटात कुलूपबंद ठेवायचे. पण त्या दिवशी अंगरख्याचा सुटलेला बंद शिवला आणि धागे कातरायची छोटी कात्री मशीनवरच राहिली. मला केस विंचरायची घाई झाली होती ना!

चहा छान होता. त्यानं माझ्या कपाळावरची बट मागं सारली... आणि मी सारू दिली. तेवढंच. खरंच तेवढंच.

परत आले तर नाना फरशीवर बसलेले. मांडीवर चिंधी उताणी. अंगरख्याचे बंद सोडलेले, नानांची बोटं रक्तानं भरलेली. रुमालावर कापलेले सात टाके ओळीनं मांडून ठेवले होते. आणि नाना सुईत दोरा ओवत होते.

"वाकडी होती," ते म्हणाले. "उसवली. आता नीट घालतो."

चिंधी ओरडली नव्हती, चावली नव्हती. त्यांचा हात चाटत होती.

मी दारातच उभी राहिले. त्यानं मात्र पिशवी उघडली, गुडघ्यावर बसला. "आतली शिवण शाबूत आहे," म्हणाला. मग शांतपणे, "नाना, तुमचा हात स्थिर आहे. तुम्ही डोकं धरा, मी शिवतो." आणि नानांनी धरलं! प्रत्येक टाक्याला खाली वाकून बघत होते, शिकाऊ पोरावर नजर ठेवावी तसे. मी बॅटरी धरली होती.

जखम धुतली, टाके पडले, इंजेक्शन झालं. दारापर्यंत गेले त्याच्याबरोबर आणि म्हणाले, "उद्यापासून डॉक्टर म्हणून या. बाकी काही नको."

"चूक माझी पण आहे. चहाला मीच—"

"तुमची कशी? बाप माझा आहे."

"बरं," तो म्हणाला.

मग तीन दिवस तिला ताप. पोट गरम, जखमेतून पू, अन्नाकडं बघेना. मी चमच्यानं पाणी पाजायचे, निम्मं बाहेर यायचं. तो सकाळ-संध्याकाळ यायचा, जखम धुवायचा, मान वर न करता जायचा. नाना सकाळी हाक मारायचे, "चिंधी!" आणि ती डोकंसुद्धा उचलायची नाही. मला एकच वाटायचं. जाईल ही, आणि हिच्यामागं ती हाकही. अर्ध्या तासाच्या चहापायी.

चौथ्या दिवशी तिनं भात खाल्ला. दोन घास. त्यानं खाली बघतच विचारलं, "खाल्लं?" मी म्हटलं, "हो." त्यानं चष्मा काढून बराच वेळ पुसला. मला त्याच्या खांद्यावर डोकं टेकावंसं वाटलं, इतकं की मी उठून उगाच भांडी घासायला गेले.

नवे टाके घातल्यापासून दहाव्या दिवशी ते काढले. जखम कोरडी, स्वच्छ. चिंधी उठली, शेपटी हलवत खुर्चीपाशी गेली आणि नानांच्या मांडीवर डोकं ठेवलं.

नानांनी हात मागं घेतला. "ही कुणाची कुत्री?"

"नाना... चिंधी."

"कोण चिंधी?"

मी तिथंच, फरशीवर, मटकन बसले. दहा दिवस उंबरा ओलांडला नव्हता मी. डोळ्यांत तेल घालून दोघांना राखलं होतं. आणि माझ्यासमोर, लख्ख उजेडात, ते नाव गेलं. चहानं नाही नेलं, कात्रीनं नाही नेलं. ते जायचंच होतं, मी पहाऱ्याला असताना गेलं. मला रडू आवरेना.

तो शेजारी येऊन बसला. काही विचारलं नाही, समजावलं नाही.

"ती वाचली की सगळं वाचेल असं वाटलं होतं मला," मी म्हणाले.

"माहीत आहे."

"तुमच्याशी मी वाईट वागले."

"थोडं."

रडता रडता हसू फुटलं मला. मग म्हणून टाकलं, "मला तुम्ही हवे आहात. कसं जमवायचं ते ठाऊक नाही. हे आणखी बिघडणार. मी तर केव्हाच अनोळखी झालेय."

"मलाही शिकाऊ म्हणायचे, परवापासून तेही गेलं," तो म्हणाला. "दोघं मिळून अनोळखी राहू. एकटीनं राहण्यापेक्षा बरं." आणि त्यानं माझा हात हातात घेतला.

"अहो बाई," नाना वैतागले, "विचारतोय ना, कुत्री कुणाची?"

"आमची," मी म्हणाले. "माझी आणि ह्या डॉक्टरांची."

"मग घेऊन जा की घरी! इथं कशाला?"

उत्तर त्यानं दिलं. "आम्ही इथंच थांबतो, नाना. चालेल?"

नानांनी आम्हाला नीट निरखलं. पाव्हण्यांकडं बघावं तसं.

"बसा मग," ते म्हणाले.