झोपेचा पर्याय

रायपुरातल्या खमतराईच्या घरातली पुढची खोली यशदीप रामटेकेने कामासाठी घेतली, तेव्हा त्याच्या वडिलांनी एकच अट घातली. त्यांचा पलंग खिडकीपाशीच राहील. शामराव रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाशी त्यांना बोलायचं असायचं आणि कोणी नसलं की ते मुलाशी बोलायचे. मुलगा ऐकतोय की नाही, याची त्यांना फिकीर नसे. यशदीपलाही त्या बडबडीची सवय होती. ती थांबली तरच त्याचं चित्त उडायचं.

राज्य नवीन होतं, रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. सरकारी कचेऱ्यांमध्ये खोक्यांतून संगणक उतरत होते आणि गावागावांत विजेचा भरवसा नव्हता. शंकर नगरातल्या एका छोट्या कंपनीने यशदीपला काम दिलं होतं: इन्व्हर्टरवर चालणारा स्वस्त संगणक. लाइट गेली की त्याने आपण होऊन झोपी जायचं, आली की जिथे थांबला तिथून पुढे सुरू व्हायचं. नमुन्याची मशीन करड्या पत्र्याची होती, मिठाईच्या डब्याएवढी. तिच्यातल्या लिनक्स या संगणकप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, यशदीपला नव्याने बांधायचा होता. निळ्या पडद्यावर पर्यायांच्या ओळीच्या ओळी. हे हवं, हे नको. ‘सस्पेंड’पुढे, म्हणजे झोपेच्या पर्यायापुढे, खूण करायची, कर्नल बांधायला लावायचा, तोवर जेवून यायचं, मशीन नव्याने सुरू करायची आणि झोपवून बघायची.

झोपायची ती लगेच. उठायची मात्र नाही. पडदा काळाच राहायचा आणि मग तार उपटून सगळं पहिल्यापासून करावं लागायचं.

एके दिवशी सकाळी त्याने झोपेचे दोन-तीन पर्याय बदलले. शामराव तेव्हा कारखान्यातल्या कुठल्याशा मुकादमाची गोष्ट सांगत होते.

“मोठा इब्लिस माणूस. मले म्हने, शामराव, तुमी—”

मशीन झोपली. यशदीप आत जाऊन पाणी पिऊन आला. खोलीत अगदी शांत होतं. त्याने बटन दाबलं आणि पडदा उजळला. पहिल्यांदाच! सगळं होतं तसं समोर आलं.

“—तुमी फक्त हो म्हना,” शामराव म्हणाले. “बाकीचं मी पायतो.”

यशदीप आनंदात होता. त्याने हसून मान डोलावली. वडील मध्ये थांबले होते, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

लक्षात आलं ते पायलच्या. यशदीपची बायको रायपुरातच वाढलेली. घरात सगळे मराठी बोलत आणि ती समजून हिंदीत उत्तर देई. दुपारी शाळेत शिकवून आली की ती सासऱ्यांजवळ अंगणात बसायची. एका संध्याकाळी तिने यशदीपला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं.

“बाबूजी को कुछ हो रहा है.”

“काय झालं?”

“भाजी निवडत होते. हात तसाच राहिला. आँखें खुली. मी हाक मारली, हलवलं, कुछ नहीं. फिर एकदम चालू. उन्हें पता भी नहीं चला.”

ती मराठीत बोलायला लागली की घाबरलेली असते, हे यशदीपला माहीत होतं.

डॉक्टरांनी शामरावांना तपासलं, डोक्याचे फोटो काढायला लावले. सगळं ठीक होतं. वयाने होतं कधीकधी असं, ते म्हणाले, क्षणभर भान जातं. यशदीपने ते पटवून घेतलं. पण परतताना रिक्षात त्याच्या मनात एक हिशोब आपोआप जुळू लागला. भाजी निवडायची वेळ, त्या दिवशीची चाचणी. तो विचार त्याने झटकला. दुसऱ्या दिवशी मात्र पायलला म्हणाला, “तू अंगणात बाबांजवळ बस. मी आतून दार लावून घेतो. ते थांबले की दाराची कडी वाजव, सुरू झाले की परत वाजव.”

“काहे के लिए?”

“बस तू.”

त्याने दार लावलं, मशीनला झोपायची आज्ञा दिली. मशीनचा पंखा थांबला आणि बाहेर कडी वाजली.

त्याने बटन दाबलं. कडी वाजली.

हे त्याने बऱ्याचदा केलं. मशीन प्रत्यक्ष न झोपवता, आतले चालते प्रोग्रॅम तेवढे क्षणभर गोठवून पुन्हा सोडायची एक चाचणी असते. तीही केली. कडी वाजली आणि क्षणात परत वाजली. दार उघडलं तेव्हा पायल भिंतीला टेकून उभी होती आणि शामराव तिला विचारत होते, “कडी काहून वाजवून राहिली वो पोरी? घर तं आपलंच हाय.”

त्याच दिवशी यशदीपने निळ्या पडद्यावर जाऊन झोपेचा प्रत्येक पर्याय काढून टाकला. कर्नल बांधला. तो चढवायला मशीन एकदा बंद करून सुरू करावी लागणार होती. तेवढा वेळ पायलने सासऱ्यांचा हात धरून ठेवला. त्यांना फक्त एक उचकी लागली. आता ही मशीन झोपूच शकत नव्हती. कंपनीला काय सांगायचं ते नंतर बघू, यशदीपने ठरवलं. त्या रात्री तो निर्धास्त झोपला.

शामराव झोपले नाहीत.

पहिल्यांदा कोणाला वावगं वाटलं नाही. म्हातारं माणूस, झोप कमीच. पण दुपारचीही झोप गेली. ते पलंगावर पडून राहायचे, डोळे मिटायचे आणि थोड्या वेळाने उघडायचे. बोलणं कमी झालं. रस्त्यावरून कोणी “जय भीम, शामरावजी” म्हणालं तर ते त्याच्याकडे बघत राहायचे, माणूस दिसेनासा होईपर्यंत. डॉक्टरांच्या गोळ्यांनी त्यांची जीभ जड झाली, डोळे मात्र उघडेच. यशदीपने मशीन पूर्ण बंद करून कपाटात ठेवून पाहिली. काही फरक पडला नाही.

एका दुपारी शामरावांनी त्याला जवळ बोलावलं. त्यांच्या डोळ्यांखालची कातडी निळसर झाली होती.

“यशा, तू शिकेल हायेस म्हनून इचारतो. झोपाचं कसं असते बाप्पा?”

“म्हणजे?”

“म्हंजे आधी काय करा लागते? मले आठवतच नाही. डोये मिटतो, मंग पुढे काय असते?”

 यशदीप तसाच उठला, कपाटातून मशीन काढली आणि काढून टाकलेले पर्याय एकेक करून परत लावायला बसला.

कर्नल तयार झाला तेव्हा उन्हं अंगणातून भिंतीवर चढली होती. थंडीचे दिवस. मोहल्ल्यातली लाइट नुकतीच गेली होती, कुठेतरी तार तुटली म्हणे. मशीन इन्व्हर्टरवर चालत होती. पायलने शामरावांना नीट झोपवलं, पांघरूण घातलं आणि त्यांच्या कपाळावर हात ठेवला. यशदीपने तिच्याकडे पाहिलं. तिने होकारार्थी मान डोलावली.

मशीन झोपली.

शामरावांचे डोळे हळूच मिटले. या वेळी ते गोठले नव्हते. छाती संथ वरखाली होत होती. तोंड जरा उघडलं आणि घोरणं सुरू झालं. पायलच्या डोळ्यांतून पाणी आलं. दोघं तशीच उभी राहून ते घोरणं ऐकत राहिली. इतकं बरं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

मग इन्व्हर्टर वाजला.

बॅटरी जुनीच होती, संपत आली होती. यशदीपने बटन दाबलं. वडिलांची झोप मोडेल, पण इलाज नव्हता. चालू मशीन बंद करणं वेगळं. झोपेतल्या मशीनची वीज तुटली तर तिने मनात धरून ठेवलेलं सारं जातं, ते परत आणता येत नाही.

पडदा काळाच होता.

त्याने पुन्हा दाबलं. कळफलक बडवला. तार हलवून पाहिली, पण काढायची हिंमत झाली नाही. इन्व्हर्टर आता थांबून थांबून वाजत होता.

“उठवा ना,” पायल म्हणाली. “बाबूजी? बाबूजी!”

घोरणं बंद झालं होतं.

“श्वास आहे का?”

“पता नहीं. हो. आहे. बहुत धीमे.”

“बाबा! ओ बाबा!”

इन्व्हर्टरचा आवाज लांबला, बारीक झाला.

यशदीपने बटनावर अंगठा दाबून धरला.

आवाज थांबला.

मशीनवरचा छोटा हिरवा दिवा विझला. यशदीप वळला. पायल पलंगाशी वाकून उभी होती. तिचा हात अजून तसाच होता, उशीच्या वर, अधांतरी.

उशीवर कोणी नव्हतं.

पांघरुणाची नीट घडी करून पायथ्याशी ठेवलेली होती. पायलने पापण्या मिटून उघडल्या, हाताकडे पाहिलं, मग यशदीपकडे. खिडकीतून येणारं ऊन भलत्याच बाजूने येत होतं. थंडीत बंद असलेला छताचा पंखा फिरत होता. लाइट आलेली होती.

“यश,” ती म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता. “बाबूजी कहाँ हैं?”

स्वयंपाकघरात कपबशी वाजली. पावलं आली, सावकाश, पाय ओढत. शामराव दारात उभे राहिले. चेहरा ताजातवाना होता, भरपूर झोप झालेल्या माणसाचा. दाढी नुकतीच केलेली. एका हातात कप, दुसऱ्या हातात चमचा. दोघांना हललेलं पाहून ते दारातच थबकले.

“आले?” ते हळू आवाजात म्हणाले. “आले काय रे तुमी?”

यशदीपला काहीतरी विचारायचं होतं, पण ओठ एकमेकांना चिकटले होते. तोंड पुसायला त्याने हात वर केला. हनुवटीपासून पोटापर्यंत शर्ट ताठ झाला होता. त्यावर चहाचे डाग होते, काही ओलसर, काही वाळून कडक झालेले, एकावर एक.