मासिनाची टोपली

"अहो, थांबा! आहात तिथेच थांबा!"

तो कसला थांबतोय... गावाच्या टोकाला घंटा म्हणून टांगलेलं गॅसचं रिकामं सिलिंडर कुणीतरी ठणठणा बडवलं होतं, घराघरांतली पोरं आत पळाली होती, रस्त्यावर कुत्रंसुद्धा चालत नव्हतं, आणि हा उंच पाहुणा फोनमध्ये नाक खुपसून खुशाल निघाला होता. संध्याकाळच्या प्रार्थनेला रस्त्यात चालता माणूस दिसला, तर गावचे पंच दंड ठोकतात. मासिनाने पुढचा-मागचा विचार केला नाही. पायरीवरून उडी मारली, त्याची बाही धरली आणि ओढत आणून त्याला आईशेजारी चटईवर बसवलं.

"पण मी—"

"गप्प. डोळे मिटा."

त्याने मिटले. म्हणजे, एक मिटला. दुसऱ्याने तो तिच्याकडे बघत होता. हे मासिनाला कळलं, कारण तिनेही एकच मिटला होता.

बाहेर पावसाची बारीक सर झावळ्यांवर वाजायला लागली. आई खणखणीत आवाजात स्तोत्र म्हणत राहिली. प्रार्थना संपली, तसा पाहुण्याने फोन उघडला आणि कपाळाला हात लावला.

"गेलं! मामीसाठी एवढं सामान निवडलं होतं... साखर, तांदूळ, डबाबंद मटण — टोपली रिकामी! कुठल्या गाढवाने बनवलंय हे अ‍ॅप?"

आईने जीभ चावली.

"या गाढवाने," मासिना म्हणाली. "आणि आपण कोण?"

"तोमासी." त्याचा चेहरा पडला होता. "ऑकलंडहून आलोय. हेच अ‍ॅप... बघायला."

झालं! ज्याची ती आठवडाभर दात-ओठ खात वाट बघत होती, तो हाच.

बेटाच्या राजधानीतल्या, आपियातल्या फिलोमेनाबाईंच्या किराणा दुकानाचं ते अ‍ॅप होतं. गावातली आई टोपलीत दोन वस्तू टाकते, परदेशातला मुलगा आणखी चार टाकतो, पैसे भरले की दुकानाचा ट्रक सामान घरपोच करतो. पण ही अर्धवट खरेदी — कोण आलं, काय निवडलं — लक्षात ठेवणारं यंत्र सिडनीत, क्लाउडवर भाड्याने घेतलेलं. सुरुवातीला हाताशी आलं ते मासिनानेच बसवलं होतं. पाव तास कुणी हात लावला नाही की ते सगळं विसरायचं. लोक दुकानात येऊन भांडायला लागले, म्हणून बाईंनी ऑकलंडच्या एका कंपनीला सल्ला विचारला होता. आता या माणसाने "इथल्या मुलांना हे झेपायचं नाही" एवढं म्हटलं, की सगळं काम ऑकलंडला जाणार आणि मासिना, तिच्या हाताखालच्या तिघांसह, घरी बसणार. परदेशच्या दोन नोकऱ्यांना नकार देऊन ती इथे राहिली होती. आपियात बनलेली गोष्ट कुणापेक्षा कमी नसते, हे तिला दाखवायचं होतं.

सकाळी दुकानाच्या ऑफिसात तोमासीने फळ्यावर एक मोठा गोल काढला.

"सोपं आहे. सगळं मेमरीतच ठेवायचं. विचारायच्या आत उत्तर हजर. फक्त पाव तासाची मुदत दिवसभराची करू."

"आणि मेमरी भरली की?"

"जुनं आपोआप पुसलं जातं."

"कुणाचं?"

"ज्याने बराच वेळ हात लावला नाही, त्याचं."

"म्हणजे माझ्या आईचं!" मासिनाने खडू हिसकावून घेतला. "ती दोन वस्तू टाकते, मग मोठ्या मावशीला विचारते. मावशी सिडनीतल्या लेकाला विचारते. मध्ये प्रार्थना, मध्ये जेवण, मध्ये शेजारीण. पोरांच्या पांढऱ्या रविवारच्या सणाआधी अख्खा देश अशीच खरेदी करतो. तेव्हा तुमची मेमरी भरणार, आणि जो सावकाश, त्यालाच पहिला बाहेर काढणार. वर तुमचं यंत्र एकदा बंद पडून सुरू झालं की सगळ्यांचीच पाटी कोरी!"

"बरं. तुमचं काय म्हणणं आहे?"

तिने तीन चौकोन काढले. "डिस्कवर लिहायचं. प्रत्येक वस्तू, तिन्ही यंत्रांवर. एक गेलं तरी दोघांच्या लक्षात राहतं."

"हळू पडेल."

"किंचित. समुद्राखालच्या तारेतून सिडनीला जाऊन यायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. तेव्हा कुणी तक्रार केली?"

तोमासी फळ्याकडे बघत राहिला. मग तिच्याकडे...

"तुम्ही फार हट्टी आहात."

"हट्टी नाही. बरोबर आहे."

"दोन्ही असू शकतं," तो म्हणाला आणि हसला. ते हसणं फार वाईट होतं. मासिनाला त्या दिवशी दोनदा चुकीचं बटण दाबायला लावलं त्याने.

मग ती तिचे तीन चौकोन खरोखर उभे करायला लागली, आणि तो शेजारी बसून चुका काढायला लागला. चुका खऱ्या असायच्या, त्यामुळे जास्तच राग यायचा. दुपारी आईने दिलेली पालुसामी ती त्याच्यापुढे सरकवायची — नारळाच्या दुधात शिजलेली पानं तो डोळे मिटून खायचा. "अहो"चं "अरे" कधी झालं, कुणालाच कळलं नाही.

"तू ऑकलंडला जन्मलास ना? मग पानाचा देठ पण चाटतोस?"

"आईची आठवण येते... आणि तू बघत असलीस की जास्त लागते भूक."

"काम कर."

असं छान चाललेलं असताना त्याने माती खाल्ली. म्हणजे, खरं बोलला.

"मासिना, एक सांगायचंय. इथे यायच्या आधीच मी साहेबांना कळवलं होतं — मेमरीच घेऊ, आणि काम आपल्याकडेच येईल."

तिचे हात थांबले. "बघायच्या आधीच?"

"हो... नेहमी तसंच करतो आम्ही."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, ते तिने पडू दिलं नाही. "मग संध्याकाळी घरी ये. आईची खरेदी अर्ध्यात असताना यंत्र तू स्वतः बंद कर. तुझंही, माझंही. आणि हे बघ — दया करायची नाही."

तो आला. आईने चटईवर मांडी ठोकून आपल्या फोनवर खरेदी सुरू केली. तिची टोपली मासिनाच्या साठ्यात, तोमासीने आपल्या फोनवर भरलेली त्याच्या मेमरीत. दुकानाला परवडणाऱ्या भाड्यात मेमरीचं यंत्र एकच मिळत होतं, म्हणून त्याच्याकडे एक आणि तिच्याकडे तीन. सिलिंडर वाजलं. आईने फोन पालथा ठेवला. तोमासीने लॅपटॉपवर आपलं यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. मग मासिनाच्या तीन यंत्रांतलं एक बंद केलं — तेच, ज्याच्याशी आईचा फोन बोलत होता. त्याने खरंच दया केली नाही.

मासिनाने त्या दिवशी दोन्ही डोळे घट्ट मिटले. स्तोत्राचा एक शब्द तिला ऐकू आला नाही.

प्रार्थना संपली. तोमासीने आपला फोन तिच्यापुढे धरला. टोपली रिकामी.

आईने चष्मा लावला, फोन सुलटा केला आणि शांतपणे बिस्किटांचे दोन पुडे वाढवले. "असे काय बघताय दोघं? सगळं आहे की जिथल्या तिथे. काही व्हायचं होतं का?"

आईला कळलंसुद्धा नव्हतं! मासिनाला इतका अभिमान वाटला की कुठे ठेवू आणि कुठे नको. एवढ्यासाठीच तर केलं होतं सगळं — सिडनीत यंत्र मरावं आणि इथे आईला पत्ताही लागू नये.

फिलोमेनाबाईंनी दोघांना समोर बसवलं. "बोला, ऑकलंडवाले."

"साठा मासिनाचाच घ्या," तोमासी म्हणाला. "माझं चुकलं होतं. आणि काम इथेच ठेवा. तुमची माणसं कशी खरेदी करतात, हे आम्हाला तिकडे बसून सात जन्मात कळलं नसतं."

"मग तुमचं काय काम उरलं इथे?"

"काही नाही, बाई. उद्याचं विमान."

मासिना जिंकली होती. आणि तरी ती घाईघाईने त्याच्यापाठोपाठ बाहेर पडली.

दुकानाच्या पायऱ्यांवर तिने त्याला गाठलं. "माझ्यासाठी म्हणालास?"

"तुझ्यासाठी असतं, तर खोटंही म्हणालो असतो. हे खरं होतं." तो थांबला. "साहेब भयंकर चिडलेत. पण मला, काय सांगू, मला छान वाटतंय. तुझा अभिमान वाटतोय, मासिना. तो वाटायला मी तुझा कुणी नाही, तरी."

समोर बंदरावर ऊन-पाऊस एकदम पडत होते. मासिनाने आजवर कुणाकडे काही मागितलं नव्हतं. ना शिष्यवृत्ती, ना नोकरी, ना साधी लिफ्ट. जे मिळालं ते कमावलं होतं, आणि तेच तिला आवडायचं.

"तोमासी... जाऊ नकोस."

"हे इथल्या कामाची साहेबीण म्हणून सांगतेस?"

"सांगत नाहीये." तिचा आवाज कापला, आणि तिने तो कापू दिला. "मागतेय. मला तू हवायस. आईलाही हवायस, पण ते नंतर."

त्याने खांद्यावरची पिशवी हळूच पायरीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी तिचा हात धरला. मग जोरजोराने मान डोलावली... होय, होय.

दुसऱ्या दिवशी विमान त्याच्याविना उडालं. आपियाच्या बाजारात कुजबुज सुटली, की मासिनाच्या मागे लागून ऑकलंडचा पोरगा राहिला. ते तिला मुळीच पटलं नाही. फळवालीपासून मासेवालीपर्यंत प्रत्येकीला थांबवून तिने खरं काय ते सांगितलं.

"तो मागे लागला नाही. मी मागितलं, म्हणून राहिला."