पानिपतला गेलेली फियाट

दिलीपला त्या दुपारी एवढंच करायचं होतं: वडिलांची जुनी फियाट चालू करून गिऱ्हाइकाच्या हवाली करायची. इंजिनाचं काम होऊन गाडी नुकतीच गॅरेजातून आली होती. पुढच्या आठवड्यात त्याचं आणि वृंदाचं बिऱ्हाड सिंगापूरला हलणार होतं. पण ऐन वेळी अडून बसणार नाही ती जुनी गाडी कसली?

जानेवारीचं धुकं दिल्लीतल्या द्वारकेत उतरलं की भरदुपारीही सोसायटीचे वरचे मजले दिसेनासे होतात. मेट्रोचे अर्धवट बांधलेले खांब तर त्या दिवशी कुठे गेले होते कोण जाणे. दिलीप किल्ली फिरवायचा, स्टार्टर नुसता कण्हायचा. चोकची तार चटका बसेल इतकी तापायची, आणि मागच्या सीटवरचा दिवा आपोआप, मंद पिवळा उजळायचा. आत निलगिरीच्या तेलाचा वास कोंडला होता. नरसिंहराव, म्हणजे दिलीपचे वडील, थंडीत तेच तेल छातीला चोळायचे.

वृंदा चहा घेऊन खाली आली आणि तो दिवा बघून थबकली.

"बाबा मागेच बसायचे ना रे..."

"वायरिंग आहे, यार. बाबा नाहीत."

"दहाव्याला शब्द दिलायस तू."

दिलाच होता. यमुनेकाठी पिंडाला कावळा शिवेना. काकांनी वचन देऊन पाहिलं, आत्याने रडून पाहिलं, कावळा आपला ढिम्म. शेवटी थंडीने काकडलेला दिलीप पुटपुटला, "बाबा, मी जाईन तिथे तुम्हाला तुमच्या गाडीतून नेईन." शब्द पुरा व्हायच्या आत कावळ्याने भाताला चोच लावली. जिभेला काही हाड? बोलून गेला बिचारा.

"मग काय, फियाट सिंगापूरला नेऊ?" तो चिडून म्हणाला. वृंदा शाल आवळून वर निघून गेली.

टॉर्च घेऊन दिलीप गाडीखाली शिरला आणि त्याला हसूच आलं. इंजिन रबराच्या गाद्यांवर बसतं, म्हणून ते बॉडीशी एका जाड अर्थिंगच्या पट्टीने जोडावं लागतं. गॅरेजवाले ती पट्टी लावायलाच विसरले होते. वीज बिचारी परतीची वाट शोधत चोकच्या तारेतून, मागच्या दिव्यातून भटकत होती. एवढंच होय! त्याने पट्टी आवळली, किल्ली फिरवली. इंजिन एका दमात लागलं आणि मागचा दिवा विझलेलाच राहिला. हायसं वाटायला हवं होतं, पण झालं उलटंच. आपण कुणाला तरी बाहेर ठेवून दार लावून घेतलं, असं त्याला वाटलं.

थोड्या वेळाने पानिपतचे बन्सलजी आले. हातमागाचा धंदा, जुन्या गाड्यांचा षौक. "बिल्कुल मक्खन है जी," म्हणत त्यांनी गाडी बाहेर काढली आणि ती धुक्यात दिसेनाशी झाली.

तिन्हीसांजेला वृंदा देवापाशी दिवा लावत होती, तेव्हा दिलीपचा मोबाइल वाजला.

"गाड़ी बढ़िया पहुँची, दिलीपजी. बस... बाबूजी उतर नहीं रहे."

"कौन बाबूजी?"

"जो पीछे बैठे हैं. हमने सोचा, यहाँ आपकी रिश्तेदारी होगी... चाय पूछी, कुछ बोलते नहीं. लीजिए, आप ही बात कीजिए."

फोन गाडीच्या खिडकीतून आत गेल्याची खसखस झाली. फोन बंद करायला हवा, हे त्याला कळत होतं. हात मात्र हलेना.

"बाबा... जेवलात का?"

बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत राहिला. एकाचा नव्हे, पुष्कळांचा.

"दिलीप," पलीकडून दमलेला आवाज आला, "गाडीत फार दाटी झालीय रे... इथलीच आहेत सगळी, पण आपली माणसं. मराठीच बोलतात... फार जुनं. मघापासून एकच विचारतायत, घरी कधी निघायचं?"