सहावा चमचा

नेरिडाची गोळी सुटली, आणि त्याच श्वासात शेजारूनही एक सुटली. तीनशे यार्डांवरची तिची निशाणाची पाटी भोकं तपासायला खाली गेली ती बराच वेळ वर येईना. आली तेव्हा तिच्यावर दोन भोकं होती. एक मधल्या काळ्यात, दुसरं त्याच्या बाहेरच्या कड्यात. शेजारची पाटी कोरी.

"आडवी गोळी," नेमबाजी क्लबचे म्होरके अर्नीकाका म्हणाले. "पाच नंबर, पाहुणे, आपली पाटी ती नव्हे."

पाच नंबरवर पालथा पडलेला तरुण कानांपर्यंत लाल झाला.

"नियमाप्रमाणे दोन्हींतली चांगली तुझी, नेरिडा. म्हणजे आजचा चमचा तुझाच."

नव्या बंदुका आल्या होत्या, पण ऑस्ट्रेलियातल्या मेरिंगल गावात महिन्यातला एक शनिवार अजून जुन्या ब्रिटिश थ्री-नॉट-थ्रीचाच असायचा. पहिल्या येणाऱ्याला चांदीचा चहाचा चमचा. नेरिडाकडे पाच होते... तीन वडिलांनी मिळवलेले, दोन तिने. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि संच पुरा करणारा सहावा काही येत नव्हता.

"काळ्यातली माझी नाही, काका. माझी उजवीकडे ओढली गेली, सुटतानाच कळलं मला. माझे चारच गुण धरा."

"अगं, नियम आहे."

"असू दे. उसना चमचा नको मला."

चमचा गावच्या खाटकाने नेला.

क्लबात आणखी एक रीत होती. आडवी गोळी मारणाऱ्याने स्वतः चहा करायचा, ज्याच्या पाटीवर मारली त्याच्यापुढे न्यायचा आणि सगळ्यांदेखत चूक कबूल करायची. तो तरुण माश्या हाकलत, कप सांभाळत आला.

"माझी गोळी तुमच्या पाटीवर आली. चूक झाली." मग हळूच, "गोळी चांगली होती पण."

"पाटी चांगली होती," नेरिडा म्हणाली.

तो हसला. त्याचं नाव फर्गस. सुतार होता, शेजारच्या गावात नवा आलेला. हाताला जवसाच्या तेलाचा वास.

"तुमची ही बंदूक लिथगोच्या कारखान्यातली ना? पुढच्या लाकडाला चीर गेलीय. द्या माझ्याकडे, सांधून देतो. मला नादच आहे. अशा चार पलंगाखाली ठेवल्यात. आई विचारते, सून आली की ती कुठे झोपायची?"

"पलंगावर," नेरिडा म्हणाली, आणि मग तिचेच कान तापले.

बंदूक दिली खरी, पण घरी आल्यावर तिला आठवलं. एक गोष्ट सांगायची राहिलीच होती. दस्त्यावर एक काळपट डाग होता, वर्षानुवर्षं वडिलांचा गाल टेकून, घाम मुरून पडलेला. कुठलाही सुतार तो आधी घासून टाकील. दिवसभर गावाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून ती दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची. त्याचा नंबर जोडून एवढं एक वाक्य बोलणं मात्र तिला जमलं नाही.

पुढच्या महिन्यात त्याने फडक्यातून बंदूक काढली. चीर नव्हती. नव्या लाकडाचा तुकडा बोटालाही लागत नव्हता. आणि डाग... तिथेच होता.

"बाकी सगळं पुसलं," फर्गस म्हणाला. "हा मात्र कुणाचा तरी गाल आहे. तो कसा पुसणार?"

नेरिडा वळून कुंपणावरचे गुलाबी काकाकुवे बघत राहिली. मग म्हणाली, "तू चहा घेशील?"

त्यानंतरचा उन्हाळा कसा गेला ते तिला पुढे कधी सांगता आलं नाही. कापलेल्या गव्हाची शेतं, त्याच्या गाडीतली धूळ, लिलावातून आणलेल्या जुन्या बंदुका, आणि पुसता पुसता एकाच चिंधीवर आलेली दोघांची बोटं.

नाताळात वादळाने दूर उत्तरेचं डार्विन शहर भुईसपाट केलं. घरं बांधायला सुतार हवे होते.

"सोमवारी निघतो," एप्रिलातल्या शनिवारी फर्गस म्हणाला. "दोन वर्षं तरी." मग थांबून, "तुला काही म्हणायचंय?"

"तिथे उकाडा फार असतो... पाणी पीत जा."

"बरं," तो म्हणाला, आणि पाच नंबरवर जाऊन पालथा झाला.

त्या दिवशी नेरिडाचा हात दगडासारखा स्थिर होता. शेवटची गोळी उरली. पाटीला कुठेही लागली तरी सहावा चमचा तिचा. तिने वडिलांच्या डागावर गाल टेकवला. त्या माणसाने बायकोला कधी गोड शब्द म्हणून बोलून दाखवला नव्हता. ती गेल्यावर मात्र रोज तिच्या रिकाम्या खुर्चीशी बोलत बसायचा.

शेजारी फर्गसने श्वास रोखलेला तिला कळला. तिने नळी केसभर सरकवली. त्याची गोळी सुटली... आणि तिचीही.

पाच नंबरची पाटी वर आली. दोन भोकं. एक काळ्यात, एक खाली. चार नंबरची, नेरिडाची, कोरी.

"आडवी गोळी," म्हणता म्हणता अर्नीकाकांनी टोपी काढली. "नेरिडा? तू?"

"खालचं भोक माझं, काका," फर्गस सावकाश म्हणाला. "माझी खाली गेली."

"म्हणजे काळ्यातली हिची. नियमाप्रमाणे ती तुला. चमचाही तुलाच."

तो नको म्हणेल म्हणून सगळे बघत राहिले.

"घेतो मी," फर्गस म्हणाला. "हिच्यासारखा ताठा मला परवडत नाही."

नेरिडाने चहा केला. नेताना निम्मा बशीत सांडला.

"माझी गोळी तुझ्या पाटीवर आली," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, आणि थांबली.

"चूक झाली, म्हण," अर्नीकाकांनी आठवण करून दिली.

"झाली नाही."

खाटकाचा केक तोंडातच राहिला. फर्गस साखर घेत नसे, तरी तो नवा चमचा चहात घालून ढवळत राहिला. ढवळतच राहिला.

"तिथे घर नाही," तो अखेर म्हणाला. "तंबूत राहावं लागेल. भांडीकुंडी काही नाही. हा एवढा एक चमचा."

"माझ्याकडे पाच आहेत," नेरिडा म्हणाली.